‘एक्स्पोज्ड’ म्हणजे नेमकं किती? हॉस्पिटलमधल्या रेडिएशनवरचे पेपर वाचताना

या विषयावरचा कुठलाही पेपर उघडा, पहिल्या परिच्छेदात एक वाक्य बहुतेक वेळा भेटतंच: हॉस्पिटलमधले कर्मचारी दीर्घकाळ कमी मात्रेच्या रेडिएशनच्या संपर्कात असतात, त्यामुळे त्यांना कॅन्सरचा धोका अधिक असतो. एमएस्सीच्या प्रकल्पात मीही हे वाक्य लिहिलं होतं. कुठून उचललं ते आता आठवत नाही. ज्या पेपरातून उचललं, त्यांनीही ते दुसऱ्या कुणाकडून उचललं असणार.

प्रकल्प साधा होता. एका हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातल्या लोकांचं रक्त घ्यायचं, ऑफिसात बसणाऱ्या तितक्याच लोकांचं घ्यायचं, पेशींमधले मायक्रोन्यूक्लिअस मोजायचे आणि तुलना करायची. ‘एक्स्पोज्ड’ गटात येण्याची अट एकच, नावावर टीएलडी बॅज हवा. रक्त घ्यायच्या दिवशी विभागातल्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. एक्स-रे काढताना लहान मुलं हलू नयेत म्हणून त्यांना धरायचं काम या मावशींकडे असायचं. म्हणाल्या, “ताई, आमचं नाही का घ्यायचं रक्त?” त्या कंत्राटी होत्या, त्यांच्या नावावर बॅज नव्हता. “तुमचं नाव यादीत नाही हो मावशी,” असं म्हणून मी पुढच्या टेक्निशियनकडे वळले. त्या टेक्निशियनच्या बॅजचे रिपोर्ट कित्येक वर्षं शून्य होते. तो माझ्या अभ्यासात ‘एक्स्पोज्ड’ होता, आणि मावशी कुणीच नव्हत्या.

पेपर वाचायला खरं शिकले ते त्यानंतर. आज तुमच्यासमोर या विषयातले काही गाजलेले अभ्यास ठेवते आणि ते कुठे भक्कम आहेत, कुठे डळमळतात ते दाखवते. माझं म्हणणं थोडक्यात असं: या विषयात निष्कर्षाकडे पाहण्याआधी डोसचा रकाना पाहा. त्यात खरोखर मोजलेला आकडा आहे, की नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलंय? अनेकदा सगळा फरक तिथेच पडतो.

रेडिएशन येतं कुठून, आणि बॅज काय बघतो

आपल्या बातम्यांमध्ये सगळ्यालाच ‘किरणोत्सर्ग’ म्हणायची सवय आहे. त्यामुळे एक्स-रेच्या खोलीत काहीतरी साठून राहतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दिवा घालवल्यावर उजेड खोलीत उरत नाही, तसंच मशीन बंद झालं की एक्स-रेही संपतात. (न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये रुग्णाला किरणोत्सारी औषध देतात, तिथली गोष्ट वेगळी. ती आज बाजूला ठेवू.)

साध्या एक्स-रेच्या वेळी टेक्निशियन भिंतीआड किंवा शिशाच्या पडद्याआड असतो. कॅथ लॅबमध्ये ती सोय नाही. अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर रुग्णाला खेटून उभा असतो आणि किरणं चालू असतानाच काम करतो. मुख्य झोत रुग्णावर असतो, पण रुग्णाच्या शरीरात शिरलेल्या किरणांपैकी काही चहूबाजूंना विखुरतात. कर्मचाऱ्यांना मिळणारा डोस मुख्यतः या विखुरलेल्या किरणांचा असतो. अंतर दुप्पट केलं की तो साधारण एक चतुर्थांश होतो, त्यामुळे दोन पावलं मागे उभी असलेली सिस्टर आणि टेबलाला टेकलेला डॉक्टर यांचा डोस एक नसतो, जरी दोघांच्या फॉर्मवर ‘कॅथ लॅब, १० वर्षं’ असंच लिहिलेलं असलं तरी.

आता बॅज. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला टीएलडी बॅज वापरतात. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. रेडिएशनची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर प्रकाशाच्या रूपात सोडतात. त्या प्रकाशावरून डोस काढतात. बॅज छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा असतो आणि साधारण तीन महिन्यांनी बदलायचा असतो.

‘अ‍ॅप्रनच्या आत’ हे लक्षात ठेवा. म्हणजे बॅज मोजतो तो झाकलेल्या शरीराचा डोस. डोकं, डोळे, हात उघडेच असतात आणि त्यांचा हिशेब या एका बॅजमध्ये सरळ येत नाही. म्हणूनच कॅथ लॅबसारख्या ठिकाणी अ‍ॅप्रनबाहेर, गळ्याजवळ दुसरा बॅज लावावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

थोडे आकडेही हाताशी असू द्या. निसर्गातून माणसाला मिळणारा डोस जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. भारतात कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. पुढचं वाचताना हे आकडे मनात असले की पुष्कळ दाव्यांचं वजन आपोआप कळतं.

एकतीस डॉक्टर आणि डावी बाजू

सगळ्यात गाजलेला पेपर मेंदूच्या गाठींचा. इस्रायलचे हृदयरोगतज्ज्ञ एरिएल रोगुइन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये किरणांखाली प्रोसिजर करणाऱ्या ३१ डॉक्टरांच्या केसेस प्रसिद्ध केल्या. सगळ्यांना मेंदूच्या किंवा मानेच्या गाठी झाल्या होत्या. गाठ कोणत्या बाजूला हे २६ जणांबाबत माहीत होतं, आणि त्यांतल्या २२ जणांची गाठ डावीकडे होती. कॅथ लॅबमध्ये डॉक्टरची डावी बाजू रुग्णाकडे आणि किरणांच्या उगमाकडे असते. डोक्याच्या डाव्या बाजूला उजवीपेक्षा जास्त किरणं पोचतात, हे मोजमापातूनही दिसलं आहे.

वाचताना अंगावर काटा येतो. कल्पनाही हुशारीची आहे: त्याच माणसाची उजवी बाजू म्हणजे त्याचाच कंट्रोल. वय, तंबाखू, आनुवंशिकता, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच.

मग अडचण कुठे? पहिली, छेद नाही. ३१ हा अंश झाला. जगात असं काम करणारे डॉक्टर किती, आणि तितक्याच वयाच्या इतर डॉक्टरांत अशा गाठी किती, हे माहीत नसताना ३१ हा आकडा जास्त की कमी ते सांगता येत नाही. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. या केसेस कुठल्या नोंदवहीतून ओळीने घेतलेल्या नाहीत, त्या कळत गेल्या तशा जमवलेल्या आहेत. एकदा ‘डावी बाजू’ ही चर्चा सुरू झाली, की डाव्या गाठीची केस लोक आवर्जून कळवतात. उजवीकडची झाली तर ‘हे त्यातलं नसेल’ म्हणून गप्प बसतात. म्हणजे उजव्या बाजूच्या कंट्रोलची सगळी हुशारी केस जमवण्याच्या पद्धतीपाशी येऊन अडकते.

म्हणून पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. केस सिरीजचं काम शंका उपस्थित करणं हे आहे, आणि ते त्याने चोख केलं. चूक आपली, म्हणजे त्याला ‘सिद्ध झालंय’ म्हणून संदर्भ देणाऱ्यांची.

तोच कोहॉर्ट, दोन उत्तरं

जर्नल क्लबमध्ये एकच जोडी वाचायची असेल तर ही वाचा.

अमेरिकेत १९८२ पासून रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट लोकांचा एक प्रचंड अभ्यास चालू आहे. १९२६ ते १९८२ या काळात प्रमाणपत्र मिळालेले सुमारे १ लाख ४६ हजार लोक, त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया. याच कोहॉर्टमधून २०१६ मध्ये प्रीता राजारामन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. सुमारे ९१ हजार लोकांना विचारलेलं होतं, तुम्ही किरणांखाली होणाऱ्या प्रोसिजरमध्ये कधी काम केलंय का? ‘हो’ म्हणणाऱ्यांत मेंदूच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या २.५५ पट निघाले. कॉन्फिडन्स इंटरव्हल १.४८ ते ४.४०. एकच्या बराच वर. मेलानोमा १.३० पट, स्तनाचा कॅन्सर १.१६ पट.

एवढं वाचून बातमी होते. पण त्याच पेपरात पुढे काय लिहिलंय ते पाहा: रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही, थायरॉइडचाही नाही. रेडिएशनला सर्वांत लवकर आणि स्पष्ट प्रतिसाद देणाऱ्या रोगांत ल्युकेमियाचं नाव पहिलं येतं. प्रौढांचा मेंदू त्या मानाने बराच कमी संवेदनशील. कारण रेडिएशनच असेल, तर संवेदनशील अवयव शांत आणि चिवट अवयव बिथरलेला, असं चित्र का दिसावं? अ‍ॅप्रनने अस्थिमज्जा झाकली जाते, डोकं नाही, असं उत्तर देता येईल, आणि ते अगदीच फेकण्यासारखं नाही. पण मग डोक्याला डोस किती मिळाला ते दाखवावं लागेल. या पेपरात डोस नाही, ‘हो/नाही’ आहे.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, केरी किताहारा आणि सहकाऱ्यांनी याच कोहॉर्टमधल्या सुमारे १ लाख १० हजार लोकांचा मेंदूला मिळालेला एकूण डोस काढला. बॅजच्या नोंदी, कामाचा इतिहास आणि जुनी मोजमापं एकत्र करून. सरासरी आली १२ मिलिग्रे. मेंदूच्या कॅन्सरने झालेले मृत्यू १९३. डोस वाढला तसा धोका वाढला का? दर १०० मिलिग्रेमागे वाढ ०.१, म्हणजे दहा टक्के, आणि इंटरव्हल शून्याच्या खालपासून १.५ पर्यंत. थोडक्यात, संबंध दिसला नाही.

आता कागद घ्या आणि हिशेब करा. २.५५ पट म्हणजे नेहमीपेक्षा १.५५ ने जास्त. दुसऱ्या पेपरातला सर्वांत वाईट, वरच्या टोकाचा आकडा धरला तरी १०० मिलिग्रेला वाढ होते १.५. म्हणजे पहिल्या पेपरातला परिणाम पूर्ण रेडिएशनचा मानायचा, तर मेंदूला साधारण १०० मिलिग्रे मिळायला हवेत. सरासरी आहे १२. काही जणांना बरेच जास्त मिळालेही असतील, पण ‘कधीतरी काम केलंय’ एवढ्यावरून अख्ख्या गटाला तेवढे मिळाले असं कसं म्हणायचं?

इथे घाईने दुसऱ्या टोकाला जाऊ नका. दुसरा पेपर ‘धोका नाही’ असं सांगत नाही. इंटरव्हल १.५ पर्यंत जातो, म्हणजे १०० मिलिग्रे मिळालेल्या माणसाचा धोका अडीचपट असण्याची शक्यताही त्याने नाकारलेली नाही. शिवाय ही सरासरी सगळ्या तऱ्हेच्या टेक्नॉलॉजिस्टची आहे. वीस वर्षं रोज टेबलाला टेकून काम केलेल्या डॉक्टरचा प्रश्न त्यातून सुटत नाही. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक तुमच्या डिस्कशनमध्ये एका शब्दाने पुसला जाऊ शकतो, तेव्हा तिथे सांभाळून लिहा.

कुणाशी तुलना करायची?

रिचर्ड डॉल हे नाव तुम्हाला सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमुळे माहीत असेल. त्यांचा सहभाग असलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला: ब्रिटिश रेडिओलॉजिस्टच्या मृत्यूंची १८९७ ते १९९७ अशी शंभर वर्षं. पुरुष रेडिओलॉजिस्ट, २,६९८.

या अभ्यासाची खरी ताकद तुलनेच्या गटात आहे. रेडिओलॉजिस्टची तुलना सर्वसाधारण जनतेशी केली, तर ते नेहमीच ठणठणीत दिसणार. ते डॉक्टर आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, वेळेवर उपचार घेतात. नोकरी करणारा माणूस मुळात नोकरी करण्याइतका निरोगी असतो, म्हणून कामगारांचे मृत्यू जनतेपेक्षा कमीच दिसतात. यालाच ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणतात. या संशोधकांनी रेडिओलॉजिस्टची तुलना इतर डॉक्टरांशीही केली, आणि तिथे चित्र उघड झालं. १९२० पर्यंत या क्षेत्रात आलेल्यांमध्ये कॅन्सरचे मृत्यू इतर डॉक्टरांपेक्षा ७५ टक्के जास्त होते. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये संरक्षण समिती बसली, शिफारशी आल्या. त्यानंतरच्या पिढ्यांत फरक कमी होत गेला. पण नोंदणीला ४० वर्षं उलटून गेलेल्यांमध्ये तो उशिरा का होईना ४१ टक्के दिसलाच. १९५४ नंतर आलेल्यांत वाढ दिसली नाही.

हा अभ्यास दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. ‘बघा, रेडिएशनने डॉक्टर मेले’ आणि ‘बघा, आता काही धोका नाही.’ पहिलं विधान बरोबर आहे, तेव्हाच्या डोसपुरतं. दुसऱ्याला माझा आक्षेप आहे. पहिली अँजिओप्लास्टी झाली १९७७ मध्ये. अभ्यास संपला १९९७ ला. नोंदणीनंतर ४० वर्षांनी दिसणारा परिणाम आपण शोधतोय, आणि ज्या कामाबद्दल आज चिंता आहे ते काम सुरू होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. म्हणजे १९५४ नंतरच्या गटाचं प्रशस्तिपत्र आजच्या कॅथ लॅबच्या भिंतीवर टांगता येत नाही.

डोळे: इथे पुरावा जास्त बोलतो

कॅन्सरबद्दल एवढी कुरकुर केल्यावर मोतीबिंदूबद्दल मी वेगळं बोलणार आहे, कारण पुरावा वेगळा आहे.

डोळ्याच्या भिंगाला पूर्वी समजलं जायचं त्यापेक्षा कमी डोसमध्ये इजा होते, हे लक्षात आल्यावर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगाने, म्हणजे आयसीआरपीने, भिंगासाठीची शिफारस वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली. साडेसातपट कपात.

कॅथ लॅबमधल्या लोकांचे डोळे तपासणारे अभ्यास त्याच सुमारास आले. बोगोटामध्ये ५८ हृदयरोगतज्ज्ञ तपासले, त्यांतल्या ३८ टक्क्यांच्या भिंगाच्या मागच्या भागात रेडिएशनशी जुळणारे बदल दिसले. सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यात २१ टक्के, कंट्रोलमध्ये १२. क्वालालंपूरमध्ये डॉक्टरांत ५२ टक्के, कंट्रोलमध्ये ९. फ्रान्समध्ये १०६ डॉक्टर आणि ९९ कंट्रोल, १७ टक्के विरुद्ध ५.

दोष काढायचे तर इथेही आहेत. लोक स्वेच्छेने तपासायला आले, ज्याला डोळ्यांची शंका आहे तो जास्त उत्साहाने येणार. डोस बहुतांशी आठवणीवरून काढले. आणि भिंगात बारीक ठिपका दिसणं म्हणजे ऑपरेशनला आलेला मोतीबिंदू नव्हे. ३८, ५२, १७ हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत, त्याचं एक कारण तपासण्याची आणि मोजण्याची पद्धत हे असू शकतं.

तरीही मी या पुराव्यावर जास्त विश्वास ठेवते, आणि का ते नीट पाहा. तीन देश, तीन वेगळे गट, दिशा एकच. बदल दिसला तो भिंगाच्या त्याच भागात, जिथे रेडिएशनचा परिणाम अपेक्षित असतो. बोगोटामध्ये डॉक्टर, मग सिस्टर-टेक्निशियन, मग कंट्रोल अशी उतरंड दिसते, अंतराचा नियम सांगतो तशीच. आणि फ्रेंच अभ्यासात शिशाचा चष्मा नियमित वापरणाऱ्यांत धोका कमी दिसला. डोसचा आकडा कच्चा असला, तरी डोस कमी-जास्त झाल्यावर परिणाम त्याच दिशेने हलतोय. मेंदूच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं नव्हतं. (फ्रेंच अभ्यासात कामाच्या वर्षांप्रमाणे धोका चढत गेलेला दिसला नाही, हेही नोंदवून ठेवा. आपल्या बाजूचा पुरावा वाचताना चष्मा काढून ठेवायचा नसतो.)

आपले चाळीस विरुद्ध चाळीस

आता घरातल्या गोष्टी. आपल्याकडे या विषयावर जे प्रकल्प होतात, ते बहुतेक माझ्यासारखे: चाळीस एक्स्पोज्ड, चाळीस कंट्रोल, मायक्रोन्यूक्लिअस किंवा क्रोमोसोममधले दोष, शेवटी पी व्हॅल्यू.

पहिला प्रश्न मोजपट्टीचा. रेडिएशनसाठी सर्वांत भरवशाची रक्तचाचणी डायसेंट्रिक क्रोमोसोमची. ती एकदम मिळालेला डोस साधारण १०० मिलिग्रेपर्यंत ओळखते, त्याखाली चाचपडते. मायक्रोन्यूक्लिअसची चाचणी त्याहून बोथट. एक्स-रे विभागातल्या माणसाच्या बॅजवर वर्षाला एक मिलिसिव्हर्ट येत असेल, तर वीस वर्षांचे झाले वीस, तेही हप्त्याहप्त्याने. आणि तरी तुमच्या निकालात मायक्रोन्यूक्लिअस दुप्पट आले, तर आनंदाने उडी मारायच्या आधी थांबा. किलोच्या काट्यावर मोहरीचा दाणा ठेवला आणि काटा हलला, तर दाणा जड होता की कुणाचा हात लागला?

हात लावणारे पुष्कळ आहेत. मायक्रोन्यूक्लिअस वयाप्रमाणे वाढतात, स्त्रियांमध्ये जास्त असतात, तंबाखूने वाढतात. आपल्याकडे प्रश्नावलीत ‘धूम्रपान करता का?’ एवढंच विचारतात. मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि खरंच बोलत असते. शिवाय फोलेट आणि बी-१२ कमी असलं तरी मायक्रोन्यूक्लिअस वाढतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलंय की त्यांनी तपासलेल्या निम्म्याहून जास्त लोकांत बी-१२ कमी होतं. म्हणजे माझ्या दोन गटांत शाकाहारी लोकांचं प्रमाण वेगळं असेल, तर मी कदाचित रेडिएशनऐवजी डबे मोजले. मी बी-१२ मोजलं नव्हतं. प्रश्नावलीत आहाराचा प्रश्नच नव्हता.

आणि समजा आपल्याला थेट कॅन्सर मोजायचाय. किती माणसं लागतील? फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अणुउद्योगातल्या कामगारांचा एकत्रित अभ्यास २०२३ मध्ये आला, ३ लाख ९ हजार ९३२ माणसं. त्यांत रक्ताचे सोडून इतर कॅन्सरने होणारे मृत्यू दर ग्रेमागे ५२ टक्के वाढलेले आढळले. हे प्रमाण वीस मिलिग्रेला लावलं तर वाढ जवळपास एक टक्का. जिथे शंभर जण एरवीही कॅन्सरने गेले असते, तिथे एकशे एक. तो एकशे एकावा शोधायला तीन लाखांचा कोहॉर्ट लागतो. चाळीस जणांत तो दिसत नाही, आणि दिसला तर तो दुसराच कुणीतरी असतो. माझ्या त्या पहिल्या वाक्यातला ‘धोका अधिक असतो’ म्हणजे हा एवढा. आकडा न लिहिता ते वाक्य लिहिलं की वाचणाऱ्या टेक्निशियनच्या बायकोला रात्रभर झोप लागत नाही.

शून्याचे तीन अर्थ

शेवटचा मुद्दा बॅजचा, कारण डोसचा रकाना म्हणून मी एवढा जप केला तो शेवटी बॅजवरून भरतात.

बॅजचा रिपोर्ट शून्य आला, म्हणजे काय? एक, खरंच रेडिएशन मिळालं नाही. दोन, मिळालं पण मोजता येण्याच्या मर्यादेखाली. तीन, बॅज ड्रॉवरमध्ये होता आणि माणूस कॅथ लॅबमध्ये. रिपोर्टवर तिन्ही शून्यं एकसारखी दिसतात. उलटंही होतं. अ‍ॅप्रनला बॅज लावून तो अ‍ॅप्रन एक्स-रेच्या खोलीतच खुंटीवर टांगून माणूस घरी गेला, तर बॅज एकटाच डोस खात बसतो. या विषयावर काम करणार असाल तर हॉस्पिटलमध्ये एक दिवस नुसते जाऊन बसा, हातात काही न घेता. बॅज कुणाच्या छातीवर आहेत आणि कुठे टांगलेत ते पाहा. माझ्या प्रकल्पात हा एक दिवस मी दिला असता, तर त्या टेक्निशियनच्या शून्याचा अर्थ मला विचारता आला असता.

आणि चौथा प्रकार, ज्यांच्या नावावर शून्यही नाही. लहान मुलाला किंवा अशक्त रुग्णाला एक्स-रेसाठी धरायचं झालं, तर ते रुग्णाच्या प्रौढ नातेवाइकाने किंवा सोबत आलेल्याने करायचं, कर्मचाऱ्याने नाही, असं अणुऊर्जा नियामक मंडळाचं सांगणं आहे. नियम योग्य आहे: नातेवाईक एकदा धरेल, कर्मचारी रोज. पण जिथे नियम पाळला जात नाही, तिथे एक गंमत होते. मावशींनी हे काम करायचंच नसतं, म्हणून त्यांना बॅज नाही. बॅज नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून राष्ट्रीय डोस नोंदवहीत त्या नाहीत, आणि तिथे नाहीत म्हणून कुठल्याच कोहॉर्टमध्ये नाहीत. मग आपण लिहितो, ‘कर्मचाऱ्यांचा सरासरी डोस मर्यादेच्या बराच खाली आढळला.’ सरासरी बरोबर असते. ती कुणाची, हे मेथड्समध्ये शोधावं लागतं.

तर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पेपरासमोर पाच प्रश्न लिहा. डोस मोजलेला आहे की नोकरीवरून मानलेला? ज्या अवयवाचा रोग, त्याच अवयवाचा डोस आहे का? तुलना कुणाशी? एवढ्या डोसला एवढा परिणाम हिशेबात बसतो का? आणि यादीत कोण नव्हतं?

पाचवा प्रश्न मी तेव्हा विचारला असता, तर मावशींचं रक्त घेतलं असतं असं नाही. एका माणसाच्या मायक्रोन्यूक्लिअसवरून तिला काहीच सांगता येत नाही, हे आता मला माहीत आहे. पण दिवसाला किती मुलं धरता, अ‍ॅप्रन घालता का, किती वर्षं झाली, एवढं विचारून वहीत लिहिता आलं असतं. आणि विभागप्रमुखांकडे जाऊन सांगता आलं असतं की हे काम त्यांचं नाही, आणि करूनच घेणार असाल तर आधी त्यांना बॅज द्या.